अगुल्हासला, अगुल्हासहून

लʼअगुल्हास, दक्षिण आफ्रिका
सप्टेंबर, रविवार रात्र

प्रिय अगुल्हास,

दचकलास ना? या नावाने तुला कुणी हाक मारून कित्येक वर्षं झाली असतील. वर्गातली पोरं पांगली, तुझी मुलं मोठी झाली, आता सगळे तुला ʻसरʼ नाहीतर ʻकाकाʼ म्हणतात. पण आज मला दुसऱ्या कुठल्याच नावाने सुरुवात करता येईना, कारण काल दुपारी मी तुझ्या गावी येऊन पोचलो. खरंच आहे रे ते! रस्त्याला पाटी आहे, शे-दोनशे बैठी घरं आहेत, एक लाल-पांढरं दीपगृह आहे आणि पुढे नुसतं पाणी. दक्षिणेला सरळ जात राहिलं तर अंटार्क्टिका येईपर्यंत मध्ये जमीन नाही.

सातवीची सहामाही तुला आठवते का, असं विचारत नाही. तुला आठवत असणारच. ʻरिकाम्या जागा भरा. आफ्रिका खंडाचे दक्षिण टोक ____ हे होय.ʼ सगळ्या वर्गाने ʻकेप ऑफ गुड होपʼ लिहिलं, तू एकट्याने ʻअगुल्हासʼ. तुझ्यावर लाल फुली, आमच्यावर बरोबरची खूण. तू घरून तो जाडजूड नकाशासंग्रह घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेलास आणि पाच मिनिटांत परत आलास. ʻपुस्तकात नाही ते लिहायचं नाहीʼ एवढंच उत्तर मिळालं होतं तुला. मधल्या सुट्टीत मी तुला ʻकाय अगुल्हास!ʼ अशी हाक मारली, पोरं खिदळली आणि नाव चिकटलं ते दहावीपर्यंत. त्या सहामाहीत माझा पहिला नंबर आला आणि तुझा दुसरा. फरक एका गुणाचा.

तुला माहीत नसलेली गोष्ट आता सांगतो. त्याच दिवशी संध्याकाळी मी वाचनालयात जाऊन नकाशा उघडून पाहिला होता. पट्टी लावून पाहिली. तू बरोबर होतास. पट्टी परत दप्तरात टाकली, घरी आलो आणि कुणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तुला ʻअगुल्हासʼ म्हणून हाक मारली, जरा जास्तच मोठ्याने.

असो. पत्र त्यासाठीच आहे, पण सगळं त्याबद्दल नाही. बाकीचंही खूप सांगायचंय.

कामासाठी केपटाउनला आलो होतो. शुक्रवारी मोकळा वेळ मिळाला तर सगळे जातात तसा आधी केप ऑफ गुड होपलाच गेलो. जागा देखणी आहे, नाही म्हणवत नाही. कडे सरळ समुद्रात उतरतात, लाटा फुटतात, बबून माकडं गाड्यांच्या टपावर बसून लोकांची खाण्याची पुडकी हेरत असतात. खाली किनाऱ्यावर एक लांब लाकडी पाटी आहे. तिच्यासोबत फोटो काढायला रांग लागते. मीही लागलो. माझी पाळी आली तेव्हा कुठे पाटी नीट वाचली. तिच्यावर लिहिलंय, आफ्रिका खंडाचं सर्वांत ʻनैर्ऋत्येकडचंʼ टोक. दक्षिणेकडचं नव्हे! त्यांनी स्वतःच्या हाताने रंगवून ठेवलंय आणि जगभरची माणसं त्या पाटीला टेकून ʻआफ्रिकेच्या दक्षिण टोकावरʼ असा मजकूर खाली टाकून फोटो पाठवतायत. मागच्या माणसाने मला दोनदा ʻसरकाʼ म्हटलं, तरी मी तिथेच उभा. मला तू दिसत होतास, हातात नकाशासंग्रह घेतलेला.

म्हणून शनिवारी सकाळी गाडी भाड्याने घेतली आणि निघालो.

केपटाउनपासून इथपर्यंत सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे, तीन तास धर. शहर सुटलं की सर लाउरी पास नावाचा घाट लागतो. वर थांबून मागे पाहिलं की फॉल्स बे नावाचा सगळा उपसागर एका नजरेत येतो. घाटाच्या पलीकडच्या मुलखाला ओव्हरबर्ग म्हणतात, म्हणजे डचांच्या भाषेत ʻडोंगरापल्याडʼ. आणि डोंगरापल्याड सगळंच बदलतं. गव्हाची हिरवी शेतं, मध्येच कॅनोलाचे पिवळेधमक पट्टे, सप्टेंबर असल्यामुळे फुलोरा अजून होता. मेंढ्या तर विचारूच नकोस. शेतात राखाडी-निळे क्रौंच जोडीजोडीने चालत होते. तो इथला राष्ट्रीय पक्षी. कॅलेडनला मोठा रस्ता सोडून उजवीकडे वळलो, नेपिअर नावाचं छोटं गाव गेलं, मग ब्रेडसडॉर्प. इथे पेट्रोल आपण भरायचं नसतं, पंपावरचा माणूस भरतो, काच पुसतो आणि त्याच्या हातावर पाच-दहा रँड ठेवायचे असतात. त्याला रस्ता विचारला तर म्हणाला, ʻपुढच्या रोबोला डावीकडे.ʼ मी रोबो शोधत राहिलो. इथे सिग्नलला रोबो म्हणतात!

ब्रेडसडॉर्पमध्ये बुडालेल्या जहाजांचं एक संग्रहालय आहे. मी अर्धा तास थांबेन म्हणून गेलो आणि दोन तासांनी बाहेर आलो. जहाजांच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, कोरलेल्या लाकडी मूर्ती, नांगर, फुटक्या बशा, घंटा. या किनाऱ्यावर इतकी जहाजं फुटली की आसपासच्या गावांतल्या जुन्या घरांना दारं-तुळया त्यांच्याच लाकडाच्या लागल्या. पण मला थांबवलं ते ʻआर्निस्टनʼच्या गोष्टीने. ती मात्र नीट ऐक.

1815 साल. श्रीलंकेहून, म्हणजे तेव्हाच्या सिलोनहून, जखमी सैनिक, बायका आणि मुलं घेऊन हे जहाज इंग्लंडकडे निघालं होतं. जहाजावर क्रोनोमीटर नव्हतं. अचूक घड्याळ नाही म्हणजे रेखांश कळायला मार्ग नाही. आपण किती उत्तरेला-दक्षिणेला आहोत हे सूर्यावरून कळतं, पण पूर्वेला-पश्चिमेला किती, ते अंदाजाने धरायचं. सोबतच्या जहाजांचा तांडा वाऱ्याने पांगला आणि हे एकटं पडलं. पुढे जमीन दिसली तेव्हा त्यांना वाटलं, आपण केप ऑफ गुड होप ओलांडला, आता उत्तरेला वळून सेंट हेलेना बेटाकडे सुटायचं. ते वळले. पण केप ऑफ गुड होप अजून यायचा होता. ते अगुल्हासच्याही पूर्वेला होते, आणि उत्तरेला वळल्यावर समोर समुद्र नव्हता, खडक होते. 30 मे रोजी जहाज फुटलं. 378 माणसं होती, सहा वाचली.

बघ. एक टोक दुसरं समजले, एवढीच चूक. मी सातवीत केली तीच. मला तिचा एक गुण मिळाला.

त्या गावाला आता आर्निस्टनच म्हणतात, इथून पूर्वेला आहे. तिथल्या स्मारकावर चार सख्ख्या भावांची नावं आहेत, आईवडिलांनी कोरून घेतलेली. मुलं त्या जहाजातून घरी चालली होती. मी तिकडे जाणार होतो, पण संग्रहालयातून बाहेर पडल्यावर गेलो नाही. सरळ दक्षिणेचा रस्ता धरला.

ब्रेडसडॉर्पनंतर जमीन सपाट होत जाते, इतकी की समुद्र येतोय असं वाटतच नाही. आपल्या डोक्यात खंडाचं टोक म्हणजे काहीतरी टोकदार असतं ना, नकाशात दिसतं तसं निमुळतं? इथे तसं काही नाही. एक ठेंगणी टेकडी, तिच्या पायथ्याशी घरं, मग खडकांचा पट्टा, मग पाणी. केप ऑफ गुड होप नाटकातल्या राजासारखा प्रवेश करतो. हे टोक विंगेत उभं असतं आणि आपण ते ओलांडून पुढे गेलो तरी कळत नाही. मला वाटतं म्हणूनच हे प्रसिद्ध झालं नाही. शिवाय पोर्तुगालहून येणारं जहाज पश्चिम किनाऱ्याने खाली येतं, त्याला आधी तो डोंगर दिसतो, वळण तिथे आल्यासारखं वाटतं. बार्तोलोमेउ दियाश 1488 मध्ये आला तेव्हा तर वादळाच्या नादात तो लांबूनच दक्षिण टोकाला वळसा घालून गेला. जमीन दिसली ती पूर्व बाजूची. परत जाताना त्याने ही टोकं पाहिली. दोन्ही टोकांमध्ये अंतर दीडशे किलोमीटरचं आणि अक्षांशाचा फरक फक्त अर्ध्या अंशाचा. पण अर्धा अंश म्हणजेसुद्धा पन्नास-पंचावन्न किलोमीटर रे. तुझ्या एका गुणाला तेवढं वजन होतं.

आता नावाचं. तुला तेव्हाही ठाऊक नव्हतं की अगुल्हास म्हणजे काय. पोर्तुगीजमध्ये ʻसुयाʼ! खडक टोकदार म्हणून नव्हे, होकायंत्राच्या सुया. 1500 च्या सुमारास इथे होकायंत्राची सुई अगदी खऱ्या उत्तरेकडे रोखलेली असायची. एरवी चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांच्यात फरक असतो, खलाशांना तो धरून चालावं लागतं. इथे फरकच नव्हता. दीपगृहाच्या पायरीवर बसून मी फोनवरचं होकायंत्र उघडलं आणि खऱ्या उत्तरेची खूण एकदा चालू, एकदा बंद करून पाहिलं. आज इथली सुई पंचवीस अंशांहूनही जास्त पश्चिमेकडे ढळलेली आहे. पृथ्वीच्या पोटातलं चुंबकत्व सरकत राहतं. म्हणजे ज्या गुणामुळे या जागेला नाव पडलं तो गुण कधीच निघून गेला, नाव तेवढं राहिलं. तुझ्या नावाचं नेमकं उलटं झालंय, नाव गेलं आणि माणूस तसाच आहे. (हे वाक्य मला पायरीवर सुचलं आणि मी जरा खूश झालो. तू हसशील.) गावातले लोक नाव ʻअगलसʼ असं उच्चारतात, ʻहʼ खाऊन. आपण सातवीत ʻहʼवर जोर देऊन ओरडायचो.

दीपगृह छान आहे. 1849 च्या मार्चमध्ये पहिल्यांदा पेटलं, आणि तेव्हा दिव्याला तेल कशाचं, तर मेंढ्यांच्या शेपटीच्या चरबीचं! इथल्या मेंढ्यांची शेपटी जाड, चरबीने भरलेली असते. रूप अलेक्झांड्रियाच्या प्राचीन दीपगृहावरून घेतलंय म्हणतात, मधे उंच मनोरा आणि दोन्ही बाजूंना पसरलेली इमारत. शंभरेक वर्षांत दगड झिजून भुगा व्हायला लागला, तेव्हा 1968 मध्ये दिवा काढून शेजारच्या ॲल्युमिनियमच्या मनोऱ्यावर नेला. इमारत पाडायच्या गोष्टी सुरू होत्या, पण लोकांनी ती वाचवली, डागडुजी केली आणि 1988 मध्ये दिवा परत जागेवर आला. वर जायला एकाहत्तर पायऱ्या, आणि पायऱ्या म्हणजे जवळजवळ शिड्याच. माझ्या गुडघ्यांनी निषेध नोंदवला. वर बाहेरच्या सज्जात पाऊल टाकलं आणि वाऱ्याने चष्माच घ्यायचा बाकी ठेवला. दोन्ही हातांनी कठडा धरून उभा राहिलो. पूर्वेला स्ट्रौसबाईचा पांढरा किनारा लांबच लांब जातो, नजर संपते, तो संपत नाही.

दीपगृहापासून टोकापर्यंत किलोमीटरभर लाकडी पायवाट आहे, खडकांच्या आणि फिनबॉसच्या कडेकडेने. फिनबॉस म्हणजे इथली झुडपं, बारीक पानांची, चुरगळली की औषधासारखा वास येतो. त्यात समुद्री शेवाळाचा कुजका-खारट वास मिसळलेला. वाटेत जमिनीवरच आफ्रिकेचा भलामोठा उठावाचा नकाशा केलाय, डोंगर, नद्या, वाळवंटं सगळं, आणि त्यावर चालता येतं. एक लहान मुलगी सहारात बसून चिप्स खात होती. मी कैरोपासून चालत खाली आलो. तू असतास तर नाईलच्या कडेकडेने आला असतास, प्रत्येक धबधब्याला थांबून.

आणि मग ते टोक. कमरेएवढा दगडी चौथरा, त्यावर धातूचा फलक, इंग्रजी आणि आफ्रिकान्समध्ये. आफ्रिका खंडाचं सर्वांत दक्षिणेकडचं टोक. डावीकडे बाण, हिंदी महासागर. उजवीकडे बाण, अटलांटिक.

चौथऱ्याजवळ एक कुटुंब होतं. बाप मुलाला सांगत होता की हा पाय हिंदी महासागरात आणि हा अटलांटिकमध्ये. मुलाने दोन्ही बाजूंच्या डबक्यांत हात घालून पाहिले आणि म्हणाला, ʻसेमच आहे.ʼ बाप गप्प.

मुलगा बरोबर होता. पाण्यात रेघबिघ काही नाही. वीस अंश पूर्व रेखांश इथून जातो आणि तीच दोन महासागरांची हद्द, असं समुद्रांचे नकाशे करणाऱ्या जलालेखकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने ठरवलंय, 1953 च्या त्यांच्या पुस्तिकेत आहे. ती कागदावरची सोय आहे, पाण्याला तिची खबर नाही. पाण्याचं काम वेगळंच चालतं. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याने अगुल्हास प्रवाह खाली येतो, गरम, रुंद आणि भयंकर वेगवान, सेकंदाला दीड-दोन मीटर. जगातल्या सर्वांत जोरकस प्रवाहांतला एक. या टोकाच्या दक्षिणेला आला की पुढे अटलांटिकमध्ये जाण्याऐवजी तो गर्रकन वळतो आणि परत हिंदी महासागरात जातो. वळताना त्याच्यातून भोवरे सुटतात, दोन-तीनशे किलोमीटर व्यासाचे, आणि ते गरम खारं पाणी घेऊन अटलांटिकमध्ये हळूहळू निघून जातात. म्हणजे हिंदी महासागर तुकड्यातुकड्याने पलीकडे जात असतो. हद्द आज इथे, उद्या तिथे. आणि नैर्ऋत्येकडून वादळी लाटा आल्या आणि या प्रवाहाला समोरासमोर भिडल्या की लाटा ताठ उभ्या राहतात, मोठाली जहाजं मोडतील एवढ्या. काठावर उभं राहून यातलं काहीएक दिसत नाही. करडं पाणी, पांढरा फेस, एक पाणकावळा पंख वाळवत बसलेला.

आणखी एक. आपल्या पुस्तकात तो शब्द होता ना, ʻभूखंडमंचʼ? तू तो भाषणातसुद्धा वापरायचास. इथे भूखंडमंच दक्षिणेला जवळजवळ अडीचशे किलोमीटर पसरलेला आहे. शंभर-दोनशे मीटर खोल पाण्याखाली आफ्रिका चालूच आहे, कडा त्याच्याही पुढे. तेव्हा पेपर पुन्हा तपासायला बसलो तर तुझंही उत्तर कुणीतरी चूक ठरवेल. पण ते कुणीतरी मी नसेन.

मी तासभर तरी तिथे बसलो. पश्चिमेला थोडं चालून गेलं की ʻमेइशो मारू 38ʼ या जपानी मच्छीमार जहाजाचा सांगाडा आहे. 1982 मध्ये खडकावर चढलं, माणसं सगळी वाचली. आता गंजलेली नाळ तेवढी उरलीय, तीही दर वर्षी थोडी थोडी समुद्र नेतोय. आर्निस्टननंतर हे पाहून बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. किनाऱ्यावर दगड रचून केलेली मासे अडवायची जुनी कुंपणं दिसली. भरतीला पाणी आत येतं, ओहोटीला पाणी जातं, मासे राहतात. इथल्या मूळच्या खोईखोई लोकांची ही पद्धत, असं म्हणतात. या माणसांना दक्षिण टोक कुठलं हे कुणी विचारलं नव्हतं, आणि ती शतकानुशतकं टोकावरच राहत होती.

आज सकाळी स्ट्रौसबाईच्या छोट्या बंदरात गेलो. रंगीत होड्या, उतरवलेले मासे, आणि धक्क्याच्या पायऱ्यांशी उथळ पाण्यात एक पाखट (चपटा, रुंद मासा) फिरत होतं, जेवणाच्या टेबलाएवढं. कोळी मासे साफ करून टाकतात ते खायला येतं. इतकं निवांत की मला त्याचा हेवा वाटला. लांबवर दोनदा देवमाशाचा फवारा उडाला. सदर्न राइट जातीचे, इथे पिलं घालायला येतात. तिसऱ्यांदा उडेल म्हणून पाऊण तास उभा राहिलो. नाही उडाला.

आता रात्र आहे. ज्या घरात उतरलोय ते दीपगृहाच्या जवळच आहे, आणि दर पाच सेकंदांनी प्रकाशाचा एक पट्टा पडद्यावरून सरकतो. आधी त्रास झाला, आता लिहिताना त्याचा ठेका लागलाय. मैलोन्‌मैल समुद्रावरून तो दिसतो म्हणे, पार तीस सागरी मैलांवरून.

पत्रासोबत एक पोस्टकार्ड आहे, दीपगृहातल्या दुकानातून घेतलेलं. पुढे चौथऱ्याचा फोटो आहे. मागे काय लिहायचं ते ठरलेलं होतं, पण त्याला लाल पेन हवं होतं. घरमालकीणबाईंकडे मागितलं. त्या म्हणाल्या, ʻजस्ट नाऊ!ʼ हेही एक इथलं गूढ आहे. ʻजस्ट नाऊʼ म्हणजे आत्ता नव्हे, केव्हातरी. पाऊण तासाने बाई पेन घेऊन आल्या, नातवाच्या दप्तरातून काढलेलं, टोक चावलेलं. कशाला हवं विचारलं त्यांनी. म्हटलं, एका मित्राचा पेपर तपासायचा राहिलाय. त्या ʻबरंʼ म्हणाल्या आणि गेल्या.

फुली खोडून बरोबरची खूण केली आहे. शेजारी 1 लिहून गोल केलाय. बेरीज तूच करून घे.

तुझा,
दुसरा नंबर